चंद्रावरचा आळ

दोन वर्षांपूर्वी ऑफिसात मी एका माणसावर खोटा आळ घेतला. माणूस दुसऱ्या टीममधला, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, कधी आवाज न चढवणारा. आमच्या सर्व्हरवरून त्यांच्या सर्व्हरला एक विनंती जायची आणि तिकडून उत्तर यायचं. एका सकाळी दोन्हीकडच्या नोंदी, म्हणजे लॉग्ज, शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. आमच्याकडून विनंती निघाली ११ वाजून ४ मिनिटं ९ सेकंदांनी. त्यांच्याकडे ती पोचली ११ वाजून ४ मिनिटं ५ सेकंदांनी. आधी पोचली, मग निघाली!

मी मेल लिहिली: तुमच्या सर्व्हरचं घड्याळ चार सेकंद मागे आहे, कृपया दुरुस्त करावं. भाषा नम्र होती, पण दोन्हीकडचे साहेब सीसीमध्ये होते. वर काम अडू नये म्हणून आमच्या कोडमध्ये एक ओळ घातली: त्यांच्याकडून आलेल्या प्रत्येक वेळेत चार सेकंद मिळवा. सगळं छान जुळलं.

दुपारी त्यांचा फोन आला. "बाकीच्यांशी ताडून बघितलंस का?" एवढंच विचारलं. बघितलं नव्हतं. मग पैसे भरण्याची सेवा, एसएमएसची सेवा आणि डेटाबेस अशा तिघांच्या नोंदी काढल्या. तिन्ही आमच्यापेक्षा चार सेकंद मागे. चार ठिकाणची चार यंत्रं, सगळी चुकलेली, आणि सगळी नेमकी तेवढीच चुकलेली? आठ दिवसांपूर्वी आमच्याच सर्व्हरवरची घड्याळ जुळवणारी सेवा बंद पडली होती. तेव्हापासून आमचं घड्याळ दिवसाला अर्धा सेकंद पुढे पळत होतं.

माफीची मेल लिहिताना साहेबांना सीसीमध्ये ठेवलंच. ती ओळ कोडमधून काढली. पण ती ओळ घातल्यावर वाटलेलं समाधान मनातून जाईना. ही कसली सवय आहे म्हणून वाचत गेलो, आणि जरा बरं वाटलं. कारण माझी ही चूक खगोलशास्त्रज्ञांनी जवळपास अडीचशे वर्षं केली होती. त्यांनी आळ घेतला होता तो चंद्रावर. गणेश चतुर्थीला चंद्र पाहिला की पाहणाऱ्यावर आळ येतो म्हणतात. इथे पाहणाऱ्यांनीच तो चंद्रावर घातला.

* * *

गोष्ट सुरू होते १६९५ साली. एडमंड हॅली (धूमकेतूवाले तेच) जुन्या ग्रहणांच्या नोंदी आपल्या काळातल्या निरीक्षणांशी ताडून पाहत होते. चंद्राची आजची गती धरून मागे मागे हिशेब करत गेलं की जुनी ग्रहणं नीट जुळत नव्हती. हॅलींना वाटलं, चंद्राचा वेग वाढत असावा. १७४९ साली रिचर्ड डनथॉर्न यांनी त्याला आकडा दिला. चंद्राची ही आघाडी शतकांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: एका शतकात सुमारे १० विकला, दोन शतकांत त्याच्या चौपट. एक विकला म्हणजे एका अंशाचा ३६००वा भाग. गोष्ट इतकी बारीक, पण युरोपातल्या उत्तमोत्तम गणित्यांची झोप उडवायला पुरेशी. न्यूटनच्या नियमांत ही वाढ कुठे बसेना.

१७८७ साली लाप्लासनी ती बसवली. इतर ग्रहांच्या ओढीमुळे पृथ्वीच्या कक्षेचा लंबगोलपणा हळूहळू कमी होतोय, त्यामुळे चंद्रावरची सूर्याची ओढ किंचित बदलते आणि चंद्र किंचित वेग घेतो. उत्तर जवळजवळ १० विकलाच आलं. प्रकरण मिटलं, म्हणजे सगळ्यांनी तसं मानलं.

१८५३ साली इंग्लंडच्या जॉन काउच ॲडम्स यांनी लाप्लासचं गणित पुन्हा केलं. लाप्लासनी काही पदं गाळली होती. ती घेतली की उत्तर सहा विकलांच्याही खाली येत होतं. उरलेल्या विकलांचं काय? फ्रान्समध्ये मोठा गदारोळ झाला. लाप्लासचं उत्तर निरीक्षणांशी जुळत होतं आणि ॲडम्सचं जुळत नव्हतं, म्हणून ॲडम्सच चुकला असणार, असा युक्तिवाद भलेभले करत होते. मला हे वाचून घाम फुटला. 'सगळं छान जुळलं' हाच माझाही पुरावा होता.

ॲडम्सच्या बाजूने उभा राहिला एक फ्रेंच माणूसच. शार्ल दलोने यांनी स्वतःच्या, अगदी वेगळ्या पद्धतीने गणित केलं आणि ॲडम्स बरोबर असल्याचं सांगितलं. मग १८६५ साली दलोने यांनी उरलेल्या विकलांचा पत्ता सांगितला: चंद्राचा वेग तितका वाढतच नसावा, कदाचित आपला दिवस लांबतोय. अमेरिकेत विल्यम फेरेलही त्याच सुमारास याच दिशेने विचार करत होते.

हे समजायला खगोलशास्त्र लागत नाही. समजा तुमचं घड्याळ हळू चालतंय आणि ते तुम्हाला माहीत नाही. रोजची ८:१२ची लोकल हळूहळू ८:११ला, मग ८:१०ला येतेय असं तुम्हाला वाटेल, आणि तुम्ही रेल्वेला नावं ठेवाल. गाडी वेळेवरच असते. माणसाकडे तोवर पृथ्वी हे एकच घड्याळ होतं. तिचा एक फेरा म्हणजे एक दिवस. तास, मिनिट, सेकंद हे त्याचे तुकडे. हे घड्याळ मंदावलं तर आकाशातली प्रत्येक गोष्ट घाईत असल्यासारखी दिसणार. त्यात चंद्र सर्वांत जलद सरकणारा, दिवसाला सुमारे १३ अंश, म्हणून त्याच्यावर सर्वांत आधी नजर गेली.

* * *

पृथ्वीला ब्रेक लावतं कोण? भरती-ओहोटी. कोकणातल्या माणसाला ठाऊक असतं, की आज ज्या वेळी भरती आली त्याच्यापेक्षा उद्या ती साधारण ५० मिनिटं उशिरा येते, कारण पाणी चंद्राच्या मागे असतं. पण पृथ्वी चंद्राच्या फेऱ्यापेक्षा कितीतरी जलद स्वतःभोवती फिरते. त्यामुळे पाण्याचा फुगवटा आणि फिरणारी पृथ्वी यांच्यात घर्षण होत राहतं, मुख्यतः उथळ समुद्रांत. १९१९ साली जी. आय. टेलर यांनी आयरिश समुद्रात असं किती घर्षण होतं त्याचं गणित मांडलं आणि पुढच्या वर्षी हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी तोच विचार जगातल्या इतर उथळ समुद्रांना लावला. पृथ्वी जी गती गमावते तिच्या मोबदल्यात चंद्र लांब ढकलला जातो. १९६९ साली अपोलो ११च्या अंतराळवीरांनी चंद्रावर आरसे ठेवले. त्यांवर लेझर मारून मोजलं, तर चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जातोय. दूर गेलेला चंद्र हळू फिरतो. म्हणजे ज्याच्यावर घाई केल्याचा आळ होता, तो प्रत्यक्षात मंदावत होता.

गंमत म्हणजे भरतीने पृथ्वी मंदावत असणार, हे इमॅन्युएल कान्ट यांनी १७५४ सालीच लिहून ठेवलं होतं, कोनिग्सबर्गच्या एका साप्ताहिकात. तेव्हा त्यांचं वय ३० होतं आणि त्या लेखाकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

पण लेख आणि गणित हे झाले तर्क. साक्षीदार कोण? ते सापडले मातीत.

इ.स.पू. १३६, १५ एप्रिल. बाबिलोनमध्ये खग्रास सूर्यग्रहण झालं. तिथल्या निरीक्षकांनी ओल्या मातीच्या पाटीवर ते टिपून ठेवलं; त्या पाट्या आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ते दिवसाचे ३६० भाग करत, म्हणजे एक भाग चार मिनिटांचा. सूर्योदयानंतर २४ भागांनी ग्रहण लागलं, अशी नोंद आहे. आपल्या हिशेबाने ९६ मिनिटं, म्हणजे बरोबर चार घटका. आपल्याकडे लग्नात घटिकापात्र तरंगत ठेवत, ते २४ मिनिटांनी भरून बुडालं की एक घटका झाली. बाबिलोनी माणसाने पुढे हेही लिहिलं, की ग्रहणात शुक्र, बुध आणि तारे दिसले, आणि एरवी त्या दिवसांत अस्तंगत असलेले गुरू आणि मंगळही दिसले. त्याने कसलाही सिद्धांत मांडला नाही, फक्त काय दिसलं आणि कधी दिसलं ते लिहिलं.

आता पृथ्वी कायम आजच्याच वेगाने फिरत आली असं धरून गणित केलं, तर त्या ग्रहणाची सावली बाबिलोनवर पडतच नाही. ती त्याच अक्षांशावर सुमारे ४९ अंश पश्चिमेला, पार मोरोक्कोच्या बाजूला पडते. ४९ अंश म्हणजे सव्वातीन तास. पण पाटी सांगते की बाबिलोनमध्ये भर सकाळी तारे दिसले. म्हणजे पृथ्वीचं घड्याळ तेव्हापासून आतापर्यंत सव्वातीन तास मागे पडलं.

एवढा मोठा फरक आला कुठून? बाबिलोन, चीन, ग्रीस आणि अरब जगातल्या सत्तावीसशे वर्षांतल्या नोंदी घेऊन स्टीफन्सन, मॉरिसन आणि होहेनकर्क यांनी २०१६ साली जो हिशेब प्रसिद्ध केला, त्यानुसार दिवस शतकाला सरासरी सुमारे १.८ मिलिसेकंदांनी लांबतो. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. बाबिलोनी दिवस एकोणिसाव्या शतकातल्या दिवसापेक्षा जेमतेम ३५ मिलिसेकंदांनी लहान होता. पण हा फरक रोज साठत जातो. सरासरी १७ मिलिसेकंद धरा, दिवस सात लाखांच्या वर. गुणाकार करा, सव्वातीन तासांच्या आसपास येतं. माझ्या सर्व्हरचंही तेच झालं होतं. एका दिवसाची चूक कुणाला दिसली नसती, आठ दिवसांची दिसली.

आणखी एक गोष्ट. केवळ भरतीच्या घर्षणाने दिवस शतकाला सुमारे २.३ मिलिसेकंदांनी लांबायला हवा. लांबतो १.८ने. म्हणजे कुणीतरी पृथ्वीला उलट ढकलतंय. त्यातला मोठा वाटा हिमयुगाचा. ऑफिसातल्या फिरत्या खुर्चीत बसून गिरकी घ्या आणि पसरलेले हात छातीशी आणा, वेग वाढतो. हिमयुगात ध्रुवांकडच्या जमिनीवर बर्फाचे प्रचंड थर होते. ते वितळल्यावर दबलेली जमीन हजारो वर्षं वर येत राहिली, अजूनही येतेय, आणि पृथ्वी थोडी अधिक गोल होतेय. हात आत आल्यासारखंच.

* * *

भरतीचा ब्रेक मान्य झाला तरी चंद्र सुटला नाही. अमेरिकेच्या सायमन न्यूकम यांना एकोणिसाव्या शतकात दिसलं, की चंद्र काही दशकं पुढे जातो, काही दशकं मागे रेंगाळतो, कुठल्याच सूत्रात न बसणारं. त्यांचा संशय पृथ्वीवर होता. खात्री करायला त्यांनी बुधाची सूर्यबिंबावरून होणारी अधिक्रमणं तपासली, पण त्यांतून स्पष्ट कौल मिळेना. शेवटी चंद्राच्या गणितात एक पद घालण्यात आलं, ज्यामागे कसलंही कारण नव्हतं; घातलं की निरीक्षणं जुळायची, एवढंच. १९१९ साली अर्नेस्ट ब्राउन यांनी चंद्राची जी भव्य कोष्टकं छापली, त्यांतही ते होतं. त्या पदाची कमाल किंमत १०.७१ विकला. हे वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसलो. जगातल्या सर्वोत्तम चांद्रगणितातली ही 'चार सेकंद मिळवा'वाली ओळ होती.

ती ओळ निकामी ठरली १९३९ साली. ग्रीनिचचे राज-खगोलविद हॅरॉल्ड स्पेन्सर जोन्स यांनी जे केलं ते 'बाकीच्यांशी ताडून बघितलंस का' एवढंच होतं. त्यांनी चंद्र, सूर्य, बुध आणि शुक्र यांच्या जुन्या निरीक्षणांतल्या चुका शेजारी-शेजारी मांडल्या. सगळे एकाच वेळी पुढे जात होते, एकाच वेळी मागे पडत होते, आणि तेही आपापल्या गतीच्या प्रमाणात. चंद्र सूर्याच्या तेरापट वेगाने सरकतो, म्हणून त्याची चूकही तेरापट. एवढ्या वेगवेगळ्या गोष्टी संगनमत करून चुकत नाहीत. घड्याळ चुकत होतं. पृथ्वी नुसती मंदावत नव्हती. ती दशकादशकाला कमी-जास्त वेगाने फिरत होती. तिच्या पोटातला द्रवरूप लोखंडाचा गाभा आणि वरचं कवच एकमेकांशी गतीची देवाणघेवाण करतात, हे त्यामागचं मुख्य कारण मानलं जातं.

त्याच दशकात क्वार्ट्झची घड्याळं इतकी चांगली झाली, की बर्लिनमध्ये शाइबे आणि आडेल्सबर्गर यांना आणि पॅरिसमध्ये स्टॉयको यांना पृथ्वीचे ऋतूही दिसू लागले. दिवस जुलै-ऑगस्टच्या सुमाराला किंचित आखूड असतो, कारण वर्षभरात वाऱ्यांचा जोर बदलतो. वारे जेवढी गती घेतात तेवढी जमीन गमावते. इतिहासात पहिल्यांदाच माणसाने बनवलेलं यंत्र पृथ्वीला सांगत होतं, की तुझं चुकतंय.

* * *

मग प्रश्न आला: सेकंद कुणाचा? १९५५ साली इंग्लंडमध्ये लुई एसेन आणि जॅक पॅरी यांनी सीझियमचं अणुघड्याळ चालू केलं. अमेरिकेच्या नौदल वेधशाळेत विल्यम मार्कोविट्झ यांनी खास कॅमेऱ्याने चंद्राचे फोटो घेतले, आणि तीन वर्षं दोन्ही ताडून १९५८ साली आकडा ठरला: सीझियमच्या लहरीची ९,१९२,६३१,७७० आवर्तनं म्हणजे एक सेकंद. १९६७ साली तीच सेकंदाची व्याख्या झाली. घड्याळ तपासायला साक्षीदार म्हणून आणला कोण, तर चंद्र. अडीचशे वर्षं ज्याच्यावर आळ होता तोच.

पण ज्या सेकंदाशी सीझियम जुळवलं, तो न्यूकम यांच्या कोष्टकांतला होता आणि ती कोष्टकं अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या निरीक्षणांवर बेतलेली होती. म्हणजे आपल्या मोबाइलमधला सेकंद हा साधारण १८२० सालच्या दिवसाचा ८६,४००वा भाग आहे. पृथ्वी तोवर पुढे निघून आली होती, म्हणजे मंदावली होती. १९७०च्या दशकात दिवस जवळपास ३ मिलिसेकंदांनी मोठा होता, म्हणजे वर्षाला साधारण एक सेकंद साठायचा. म्हणून १९७२पासून गरज पडेल तेव्हा जगाच्या घड्याळात एक जादा सेकंद घालायची पद्धत सुरू झाली. लीप सेकंद. आजवर असे २७ घातले. शेवटचा, ३१ डिसेंबर २०१६च्या मध्यरात्री ग्रीनिचला, तेव्हा आपल्याकडे १ जानेवारीची पहाट होती.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. हॉस्टेलवर थर्टी-फर्स्टची जाग होतीच. आम्ही तिघं लॅपटॉपसमोर बसलो होतो. एक छोटा प्रोग्रॅम दर सेकंदाला वेळ छापत होता. ५:२९:६० असं दिसेल म्हणून डोळे लावले होते. ५:२९:५९ आलं. मग पुन्हा ५:२९:५९ आलं. मग ५:३०:००. लिनक्सला साठावा सेकंद माहीतच नसतो, तो एकोणसाठावा दोनदा मोजतो. "एवढंच?" म्हणून एक मित्र झोपायला गेला.

एवढंच नव्हतं. २०१२च्या लीप सेकंदाला लिनक्सच्या गाभ्यातल्या एका चुकीमुळे जगभरातले सर्व्हर धापा टाकू लागले होते. असे घोळ टाळायलाच काही मोठ्या कंपन्या तो सेकंद एकदम न घालता कित्येक तासांवर पातळ पसरून टाकतात.

लीप सेकंद कधी घालायचा हे कळवतं पॅरिसमधलं एक केंद्र, साधारण सहा महिने आधी. सहाच महिने, कारण त्यापुढचं पृथ्वीचं वागणं खात्रीने सांगता येत नाही, म्हणून मोजत राहावं लागतं. मोजायचं कशावरून? अब्जावधी प्रकाशवर्षं दूर असलेल्या क्वेझारांवरून. ते इतके लांब आहेत, की आपल्यापुरते जागचे हलत नाहीत. हजारो किलोमीटर अंतरावरच्या रेडिओ दुर्बिणी एकाच क्वेझारचा आवाज अणुघड्याळाच्या ठोक्यांसह टिपतात. तो एकीकडे आधी पोचतो, दुसरीकडे नंतर. या फरकावरून त्या क्षणी पृथ्वी नेमकी किती वळली होती ते कळतं, दहा-एक मायक्रोसेकंदांपर्यंत. तेवढ्यात विषुववृत्तावरचा माणूस पाच मिलिमीटरही सरकत नाही.

आणि याच मोजणीत गेल्या काही वर्षांत वेगळंच दिसू लागलं. पृथ्वी घाईला आली. ५ जुलै २०२४चा दिवस ८६,४०० सेकंदांपेक्षा १.६६ मिलिसेकंदांनी आखूड होता. असंच चाललं तर कधी तरी एक सेकंद काढून टाकावा लागेल, जे आजवर कधीच झालेलं नाही. २०२४ साली डंकन ॲग्न्यू यांनी मांडलं, की ध्रुवांवरचं बर्फ वितळून पाणी विषुववृत्ताकडे जातंय, खुर्चीतल्या माणसाने हात पसरावेत तसं, आणि त्यामुळे ही वेळ तीन वर्षांनी लांबून २०२९च्या आसपास गेली आहे. आपण तापवलेल्या हवेने आता दिवसाची लांबी हलते, हे मला एखाद्या पुराच्या बातमीपेक्षा जास्त अस्वस्थ करून गेलं.

* * *

२०२२च्या नोव्हेंबरात जगाच्या वजनमापांच्या परिषदेने ठरवलं, की २०३५पर्यंत घड्याळ आणि पृथ्वी यांच्यातला फरक आजच्यापेक्षा मोठा होऊ द्यायचा. थोडक्यात, लीप सेकंदाचे दिवस भरले. इंजिनिअर म्हणून मी सुटकेचा श्वास सोडला. साठलेला फरक शतकाला एखाद्या मिनिटाचा असेल. कुणाला कळणारही नाही. मुंबईचा सूर्य तर भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे चालतो. १९०६ साली प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईने ती नाकारली होती आणि स्वतःची 'बॉम्बे टाइम' १९५५पर्यंत टिकवली होती. आज ती ३९ मिनिटं कुणी मागत नाही.

मला काळजी मिनिटाची नाही. सर्व्हर चार सेकंद पुढे होता हा माझा गुन्हा नव्हता. मी कुणाशी ताडून न बघता एक ओळ घालून मोकळा झालो, हा होता. पृथ्वी आणि घड्याळ यांच्यातला फरक आपण सेकंदाला धरून ठेवला, म्हणून तो निदान प्रत्येक इंजिनिअरच्या डोक्याला ताप देत होता. आता तो थोड्या दुर्बिणींच्या आणि थोड्या लोकांच्या नोंदींत राहील. त्यांनी तो रोज लिहून ठेवावा, आणि त्यासाठी त्यांना कुणीतरी पैसे देत राहावं, एवढीच इच्छा आहे. बाबिलोनच्या माणसाला आपली पाटी कशाला उपयोगी पडेल हे माहीत नव्हतं.

आमच्या सर्व्हरवर आता घड्याळ जुळवणारी सेवा बंद पडली तर मला मेसेज येतो. तो बसवला त्या दिवशी मी त्यांना कळवलं. त्यांनी अंगठा पाठवला, आणि खाली लिहिलं: "आमच्याकडे पण लावून दे. आमचं कोण बघतंय?"